रात्री पोलीस आले, वकील कुठून आणू? नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. नाशिकमध्ये विधी स्वयंसेवक म्हणून काम करायला लागल्यापासून मला या म्हणीचा राग येतो. तिच्यामुळे कोणाची कोर्टाची पायरी चुकत नाही, ती फक्त उशिरा चढली जाते: मुदत उलटून गेल्यावर, कोऱ्या कागदावर सही झाल्यावर, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्यावर. खालचे सगळे प्रश्न मला सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टाच्या आवारात, सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत आणि दिंडोरी, पेठ, सुरगाण्याच्या शिबिरांत लोकांनी विचारलेले आहेत. ही माहिती म्हणजे तुमच्या प्रकरणावरचा सल्ला नव्हे. तो कागद पाहूनच देता येतो. पण वकील भेटेपर्यंतचे काही तास तरी वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे लिहिलंय.

घरातल्या माणसाला पोलीस आत्ता घेऊन गेले. सगळ्यात आधी काय करू?

आधी कुठल्या ठाण्यात नेलं ते शोधा. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिले दोन-तीन तास बहुतेकांचे यातच जातात. शहरात सरकारवाडा, भद्रकाली, पंचवटी, मुंबई नाका, गंगापूर, अंबड, उपनगर अशी बरीच ठाणी आहेत आणि ती पोलीस आयुक्तालयाखाली येतात. शहराबाहेर ग्रामीण पोलिसांची हद्द सुरू होते, तिथे पोलीस अधीक्षक असतात. कोणीच नीट सांगत नसेल तर नियंत्रण कक्षाला विचारा. कोणाला अटक झाली, याची नोंद जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात ठेवायची, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ मध्ये आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली. पुढे दुसऱ्या कायद्याचं नाव न घेता कलम लिहिलंय, ते याच संहितेचं.

मग १५१०० लावा. ही मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी विधी सेवा प्राधिकरणाची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. ‘अटक झाली आहे, रिमांडला मोफत वकील हवा आहे,’ एवढं एकच वाक्य स्पष्ट बोला. रिमांड म्हणजे माणसाला पुढे कोठडीत ठेवायचं का, याची कोर्टातली सुनावणी. पूर्ण हकीकत नंतर सांगता येते.

तिसरं काम घड्याळाचं. अटक किती वाजता झाली ते कागदावर लिहून ठेवा. अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. संविधानाच्या कलम २२ मध्ये ते लिहिलेलं आहे. रविवार असो की दिवाळी, सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी एक न्यायाधीश नेमलेले असतात. ‘उद्या सुट्टी आहे, सोमवारीच बघू’ असं कोणी म्हणालं तर ते मनावर घेऊन घरी जाऊ नका.

आणि एक कळकळीचं सांगणं. ठाण्याच्या बाहेर ‘माझी आत ओळख आहे, वीस हजार द्या, आत्ता सोडवतो’ म्हणणारा माणूस हमखास भेटतो. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने अशा माणसाला मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे दिले. मुलगा दुसऱ्या दिवशी कोर्टातून सुटला, कारण गुन्हा जामीनपात्रच होता, म्हणजे त्यात जामीन हक्काने मिळतो. तो माणूस त्यांना पुन्हा दिसला नाही.

पोलिसांनी अटकेचं कारण सांगायला हवं का?

हो, आणि लेखी. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं त्या माणसाला समजेल अशा भाषेत लेखी द्यावी लागतात. लगेच देणं शक्य नसेल तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी द्यावी लागतात. तो कागद मिळाला की फोटो काढून वकिलाला पाठवा. पहिल्या दिवशीचा जामिनाचा युक्तिवाद बऱ्याचदा याच कागदावर उभा राहतो. नातेवाईक किंवा मित्राला अटकेची खबर देणं हेही पोलिसांचंच काम आहे (कलम ४८).

चौकशी चालू असताना वकील आत बसू शकतो का?

वकिलाला भेटण्याचा हक्क चौकशीच्या काळातही आहे, पूर्ण वेळ शेजारी बसवून घेण्याचा नाही. कलम ३८ मध्ये हे असंच लिहिलंय. लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. काहींना वाटतं आपल्याला काहीच हक्क नाही, काही वकील ‘मी मांडीला मांडी लावून बसणार’ असं सांगून फी घेतात.

कागदावर सही करायला सांगताहेत. करू?

न वाचता, नाहीच.

थोडं फोडून सांगतो. पोलीस तुमचा जबाब लिहून घेतात तेव्हा त्यावर तुमची सही घेण्याची कायद्यात तरतूद नाही (कलम १८१). पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. पण अटक पंचनामा, जप्ती पंचनामा, नोटीस मिळाल्याची पोच अशा कागदांवर सह्या घेतल्या जातात. तिथे आधी वाचा, आणि वाचता येत नसेल तर ‘वाचून दाखवा’ म्हणा. सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने घाला. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच देऊ नका, मग समोर पोलीस असो, सावकार असो की वकील. वकिलाचंही नाव मी मुद्दाम घेतलं. वकीलपत्रावर सही लागतेच, पण ते छापील असतं आणि वाचता येतं.

रात्री नऊला महिला पोलिसाशिवाय माझ्या बहिणीला न्यायला आले. चालतं का?

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते (कलम ४३). नुसता साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल तर बाई, १५ वर्षांखालचं मूल, ६० वर्षांवरचा माणूस, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी यायचं असतं. दारातच शांतपणे विचारा: ‘साहेब, अटक आहे की जबाब? अटक असेल तर परवानगीचा कागद दाखवा.’ आवाज चढवू नका. सोबत दोन शेजारी उभे करा. ११२ ला फोन लावून झाला प्रकार सांगितला तर त्या कॉलची नोंद राहते, तीही पुढे उपयोगी पडते.

मला पोलिसांची नोटीस आली आहे, अटक नाही. जावं की नको?

जा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत बहुतेक वेळा आधी कलम ३५(३) ची नोटीस येते. नोटीसप्रमाणे हजर राहणाऱ्याला शक्यतो अटक करायची नसते, केली तर कारण लेखी नोंदवावं लागतं. न जाणं हेच अटकेचं कारण होऊन बसतं. नोटीस फक्त वॉट्सअॅपवर आली असेल तर जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत चालणार नाही असं सांगितलं आहे. तरी तिच्याकडे दुर्लक्ष करू नका, वकिलाला दाखवा आणि लेखी उत्तर द्या. गुन्हा गंभीर असेल आणि अटकेची भीती खरी असेल तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात करता येतो. तो अटकेच्या आधीच करावा लागतो. दरवेळी कोणी ना कोणी अटक झाल्यावर ‘आता अटकपूर्व घेऊ या’ म्हणत येतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मोफत वकील नक्की कोणाला मिळतो? आम्ही तसे गरीब नाही.

हा माझा आवडता प्रश्न, कारण याचं उत्तर ऐकून लोकांचे चेहरे बदलतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्यातल्या कलम १२ प्रमाणे पुढच्या लोकांना त्यांचं उत्पन्न न विचारता वकील मिळतो: कोणतीही स्त्री, १८ वर्षांखालचं मूल, अनुसूचित जाती आणि जमातीची व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेला माणूस, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीला बळी पडलेली व्यक्ती, पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार यांची झळ बसलेली व्यक्ती. यांपैकी कोणतीच गोष्ट लागू नसेल तेव्हाच उत्पन्न बघतात आणि महाराष्ट्रात ती मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे.

म्हणजे गंगापूर रोडवर फ्लॅट असलेली, पगारदार बाईसुद्धा पात्र आहे. अंबडच्या कारखान्यातला कामगार पात्र आहे. तुरुंगात असलेला माणूस कितीही श्रीमंत असो, तोही पात्र आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. संविधानाच्या कलम ३९-अ मध्ये मोफत कायदेशीर मदत ही राज्याची जबाबदारी मानली आहे.

वेठबिगारीचा शब्द वाचून ‘हे आता कुठे राहिलंय’ असं वाटेल. इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी कुटुंबांची लहान मुलं थोड्या पैशांच्या बदल्यात मेंढ्या वळायला दिली जात होती, हे २०२२ मध्ये उघडकीस आलं. ती मुलं आपल्याच जिल्ह्यातली होती. अशा कुटुंबांचा हक्क कलम १२ मध्ये नावानिशी लिहिलेला आहे आणि तो त्यांच्यापर्यंत पोचवायचं काम आपलं आहे.

अर्ज कुठे करायचा?

शहरात असाल तर जुन्या आग्रा रोडवर, सीबीएसजवळ, जिल्हा व सत्र न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. गेटवर ‘विधी सेवा’ एवढं विचारलं तरी कोणीही दाखवतं. मालेगाव, निफाड, येवला, सिन्नर, कळवण अशा ठिकाणी तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. अर्ज साधा, एक-दोन पानांचा असतो आणि त्याला शुल्क नाही. लिहिता येत नसेल तर तिथले कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक लिहून देतात. उत्पन्नाचा दाखला हाताशी नसला तरी प्रतिज्ञापत्रावर काम होतं, कायद्यातच तशी सोय आहे. तहसीलमध्ये दाखल्यासाठी आठ दिवस हेलपाटे घालून मग अर्ज करायला येणारे लोक भेटतात तेव्हा जीव तुटतो. त्या आठ दिवसांत तारीख निघून गेलेली असते.

अटक झालेल्या माणसासाठी तर अर्जाची वाट बघायचीच नाही. मॅजिस्ट्रेटपुढे उभं केल्यावर त्याने फक्त म्हणायचं, ‘माझा वकील नाही, मला विधी सेवेचा वकील द्या.’ आरोपीला या हक्काची जाणीव करून देणं हे मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये, बिहारमधल्या कैद्यांच्या प्रकरणात सांगून ठेवलंय. प्राधिकरण ठाण्यातही वकील पाठवू शकतं.

आम्ही सुरगाण्याकडचे. नाशिकला यायचं म्हणजे रोज बुडतो.

यायची गरज नाही, निदान पहिल्या सल्ल्यासाठी नाही. गावातल्या किंवा जवळच्या सामायिक सेवा केंद्रातून ‘टेली-लॉ’वर वकिलाशी बोलता येतं, त्याचा फोन क्रमांक १४४५४. बोलणं तुम्हाला समजेल अशाच भाषेत व्हायला हवं. वकील प्रमाण मराठी बोलतोय आणि घरातल्या आजीला कोकणी (इकडची आदिवासी बोली) हीच नीट कळते, असं असेल तर मध्ये समजावून सांगणारं कोणीतरी सोबत बसवा आणि आजीला तिच्या शब्दांत परत सांगायला लावा. जमिनीच्या प्रकरणात आजीने ‘हो हो’ म्हटलं आणि कागदावर भलतंच लिहिलं गेलं, असं मी पाहिलं आहे. दोष आजीचा नव्हता.

अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीवर अत्याचार झाला असेल तर अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ नुसार आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची खबर तुम्हाला द्यायला हवी आणि तुमचं म्हणणं ऐकायला हवं. ही तारीख विधी सेवेच्या वकिलाला आधीच कळवा.

फुकटचा वकील मन लावून काम करतो का?

सरळ उत्तर देतो. काही फार चांगले असतात, काही नसतात. पैसे देऊन केलेल्या वकिलांचंही तसंच आहे. पूर्वी पॅनेलवरच्या वकिलाला दर प्रकरणामागे तुटपुंजं मानधन मिळायचं, त्यामुळे तक्रारी बऱ्याच होत्या. २०२२ पासून फौजदारी प्रकरणांसाठी लोक अभिरक्षक कार्यालयं सुरू झाली. तिथले वकील पगारी असतात आणि आरोपींची बाजू मांडणं हेच त्यांचं पूर्णवेळ काम असतं. रिमांड कोर्टात रोज उभं राहणारा माणूस कधीमधी येणाऱ्या मोठ्या नावापेक्षा पहिल्या दिवशी जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत आहे.

काम समाधानकारक वाटत नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी अर्ज करून वकील बदलून मागता येतो. सचिव हे न्यायाधीशच असतात. आणि या वकिलाने तुमच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. टायपिंगचे, झेरॉक्सचे, ‘साहेबांना द्यायचे’ म्हणून मागितले तर त्याच दिवशी सचिवांना सांगा.

खासगी वकीलच करायचा असेल तर चांगला कसा ओळखू?

जाहिरात करणाऱ्यापासून लांब राहा. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला जाहिरात करायला, गिऱ्हाईक गाठायला माणसं ठेवायला मनाई आहे. सिव्हिल हॉस्पिटलच्या अपघात विभागाबाहेर कार्ड वाटणारा माणूस ज्या वकिलाचा असेल, त्या वकिलाबद्दल तुम्हाला तिथेच कळलं.

आपल्या प्रकारचं काम करणारा वकील शोधा. जमिनीचे दावे पंचवीस वर्षं चालवलेला माणूस जामिनासाठी योग्य असेलच असं नाही. दुपारी कोर्टात जाऊन दोन तास बसा, कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. तारीख असताना कोण हजर राहतं, कोण नुसत्या पुढच्या तारखा घेतं, ते दिसतं. मग दोघा-तिघांना भेटा आणि एकच प्रश्न विचारा: ‘पुढच्या तारखेला नक्की काय होणार?’ ज्याला हे साध्या मराठीत सांगता येत नाही, त्याच्याकडे केस देऊ नका. ‘शंभर टक्के जामीन करून देतो’ म्हणणाराही नको. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची असते, तिचा क्रमांक विचारायला संकोच करू नका.

फीचं बोलणं पहिल्याच भेटीत करा: पूर्ण केसची की दर तारखेची, टायपिंग आणि कोर्ट फी त्यात धरली की नाही. भरपाईतला टक्का मागणं वकिलांच्या नियमात बसत नाही. मोटार अपघाताच्या दाव्यांत तो सर्रास मागितला जातो, म्हणून जपून. पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्या.

वकील बदलायचा आहे, पण तो कागद अडवून बसलाय. ‘आधी राहिलेली फी द्या’ म्हणतो.

फीसाठी कागद अडवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे ठरवून दिलंय. फी राहिली असेल तर ती मागायचा त्याचा मार्ग वेगळा आहे. आधी लेखी मागा, नाही दिले तर बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. तोवर कोर्टातून नकला काढता येतात आणि ई-कोर्ट्स अॅपवर १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसचा वेगळा असतो तो) टाकला की पुढची तारीख घरबसल्या कळते. तो क्रमांक पहिल्याच दिवशी लिहून घ्या, वकील कितीही भरवशाचा असला तरी.

ठाण्यात फिर्यादच घेत नाहीत. ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणतात.

हद्दीचं कारण आता चालत नाही. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो आणि तो नंतर योग्य ठाण्याकडे जातो. कलम १७३ मध्येच ते आहे. मोबाइलवरून, ई-मेलने कळवलं तरी चालतं, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात) माहिती मिळाल्यावर एफआयआर घेणं बंधनकारक आहे, हे २०१३ च्या ललिता कुमारी प्रकरणापासून ठरलेलं आहे. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांना १४ दिवस प्राथमिक चौकशीची मुभा आहे, तेवढा अपवाद लक्षात ठेवा. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते.

तरी घेतलाच नाही, तर तक्रार लेखी करून शहरात पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीणमध्ये अधीक्षकांकडे स्पीड पोस्टाने पाठवा. पोच जपा. तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, करून घरी पाठवलं असेल तर तो एफआयआर नव्हे. द्राक्षाचे पैसे बुडवून व्यापारी पसार झाला की बागाईतदार एनसीची पावती खिशात घालून गुन्हा दाखल झाल्याच्या समजुतीत महिनोन्‌महिने थांबतात. वजनाच्या चिठ्ठ्या, वॉट्सअॅपवरचा ठरलेला भाव, गाडीचा नंबर हे सगळं घेऊन आधी वकिलाला भेटा.

व्यापाऱ्याने दिलेला चेक परत आला.

यात दिवस मोजावे लागतात. बँकेचा रिटर्न मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवा. नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस. नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. ‘पुढच्या बाजाराला देतो’ या शब्दावर हे दिवस निघून जातात.

नवऱ्याने रात्री मुलांसकट घराबाहेर काढलं.

१८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ लावा, आधी सुरक्षित जागी पोचा. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात तपासून घ्या आणि ‘कसं लागलं’ याचं खरं उत्तर द्या, जिन्यावरून पडले असं सांगू नका, कारण तोच कागद पुढे बोलतो. जिल्ह्यात सखी वन स्टॉप सेंटर (अत्याचार झालेल्या बायकांसाठीचं मदत केंद्र) आहे आणि प्रत्येक भागासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्यामार्फत किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागायला हवी. घर नवऱ्याच्या किंवा सासूच्या नावावर असलं तरी जिथे तुम्ही संसार केला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. वकील तर मोफत आहेच. शिवाय पोटगी, मालमत्ता, घटस्फोट, हिंसाचार या प्रकरणांत महाराष्ट्रात १९९४ पासून बाईला कोर्ट फी माफ आहे.

ताई, फक्त एक करा. जमेल तेव्हा आधार, मुलांचे जन्मदाखले, बँक पासबुक आणि लग्नाचा फोटो आईकडे किंवा मैत्रिणीकडे नेऊन ठेवा.

व्हिडिओ कॉलवर ‘सीबीआय अधिकारी’ आहे, डिजिटल अरेस्ट म्हणतोय.

फोन कापा. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, मिनिटं महत्त्वाची आहेत, मग बँक, मग सायबर पोलीस.

जामीन मंजूर झाला, पण जामीनदारच नाही.

नाशिक रोडच्या मध्यवर्ती कारागृहात आणि इतर सगळ्याच तुरुंगांत अशी माणसं असतात: कोर्टाने सोडलंय, पण हमी घ्यायला कोणी नाही. परप्रांतातून अंबडला आलेला कामगार जामीनदार कुठून आणणार? जामीनदाराकडे सात-बारा, घरपट्टी किंवा ऐपतदारीचा दाखला आणि ओळखीचे कागद मागतात.

जामीनपात्र गुन्हा असेल आणि आठवड्यात जामीनदार मिळाला नाही, तर तो माणूस निर्धन आहे असं कोर्टाने धरून चालायचं आणि त्याच्या जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर सोडायचं, अशी तरतूद आहे (कलम ४७८). अजामीनपात्र गुन्ह्यात हमीची रक्कम कमी करण्याचा अर्ज करता येतो. गरीब कैद्यांसाठी २०२३ ची केंद्राची योजना आहे, तिच्यात कच्च्या कैद्याच्या (खटला अजून चालू असलेल्याच्या) जामिनासाठी पैशांची मदत मिळू शकते आणि तिचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सहभागाने चालतं. दोषारोपपत्र ६० दिवसांत, गंभीर गुन्ह्यांत ९० दिवसांत आलं नाही तर जामिनाचा हक्क तयार होतो, पण तो मागावा लागतो. दोषारोपपत्र येऊन पडण्याआधी मागावा लागतो. कॅलेंडरवर ६० वा दिवस गोल करून ठेवा.

शिक्षा झाली आणि घरचे अपील करू शकत नाहीत. मग?

तुरुंगातूनच अपील करता येतं. निकालाची प्रत कैद्याला मोफत मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकीलही. १९७८ च्या हॉसकॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात हे ठरलं. कारागृहात विधी सेवेचं क्लिनिक असतं, तुरुंग अधीक्षकांकडे अर्ज दिला की पुढे जातो. नाशिक जिल्ह्याचं उच्च न्यायालय मुंबईचंच आहे, औरंगाबाद खंडपीठ नाही. शेजारचा जळगाव-धुळ्याचा माणूस तिकडे जातो म्हणून गोंधळ होतो.

लोक अदालतीत मिटवावं का?

पैशाचा, चेकचा, अपघात भरपाईचा, भावाभावांतला वाद असेल तर जरूर विचार करा. भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून ‘लवकर सही करा, पुढची रांग आहे’ असं कोणी म्हणालं तरी आकडा नीट वाचून, घरच्यांशी बोलून मगच सही करा. मिटवण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. नाही पटलं तर दावा आहे तिथून पुढे चालू राहतो.

कार्यालयात येताना काय आणू?

आधार, जातीचा दाखला असेल तर तो, आलेली नोटीस किंवा एफआयआरची प्रत, आणि कोर्टाचा कोणताही कागद, फाटका असला तरी. मूळ कागद स्वतःजवळ ठेवून झेरॉक्स द्या. एका वहीच्या पानावर तारखेवार लिहून आणा: कोणत्या दिवशी काय झालं, कोण हजर होतं. मनातलं सगळं लिहायची गरज नाही, दहा ओळी पुरतात. सकाळी लवकर या. दुपारी वकील कोर्टात उभे असतात आणि बाहेरगावच्या माणसाला संध्याकाळची एसटी गाठायची असते.